देणारा हात आणि घेणारा हात

वृद्ध आईबापांस सांभाळावें कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्यांनीं आपणांस लहानाचें मोठें केलें, त्यांस अखेरपर्यंत अन्न, वस्त्र व औषध देणें हें मुलांचें कर्तव्य आहे, हें गांवांतील लहान पोरही सांगेल. परंतु इतकें दिलें म्हणजे तें कर्तव्य पुरें झालें काय, हा निराळा प्रश्न आहे. त्याचें उत्तर "होय" असेंच आम्ही पुष्कळ वर्षें धरून चाललों होतों. तें उत्तर अपुरें होतें, हें आम्हांस उशिरां कळलें. आणि तें कसें कळलें, हें आज वाचकांपुढें मांडावें असें मनांत आहे.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतों. वडील वारल्यावर आम्हीं आईला गांवाहून आपल्या बिऱ्हाडीं आणिलें. गांवीं तिचा दिवस पहाटेपासून कामांत जाई. शेजारणीचे तांदूळ निवडून दे, कोणाच्या तान्ह्या बाळास न्हाऊं-माखूं घाल, कोणाची गोधडी शिवून दे, असें तिचें चाले. हिनें जन्मभर कष्ट केले, आतां हिनें विसावा घ्यावा, असें आम्हीं ठरविलें. ती विळी घेऊन बसली कीं आमची पत्नी म्हणे, "आत्याबाई, राहूं द्या, मी करितें." ती केर काढूं लागली कीं आम्ही तिच्या हातून केरसुणी घेऊन म्हणत असूं, "आई, तूं स्वस्थ बस." तिला वेळेवर जेवण मिळे, औषध मिळे, निजावयास चांगली खाट मिळे. असें दीड वर्ष गेल्यावर एके दिवशीं ती म्हणाली, "बाळा, मला गांवीं नेऊन पोंचव." आम्हांस फार वाईट वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागही आला. हिला काय कमी पडलें, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ती एवढेंच बोलली, "कमी कांहीं नाहीं रे. पण पाहुण्यानें किती दिवस राहावें?"

ती गेली. पावसांत गळणाऱ्या त्या घरांत ती पुढें चार वर्षें राहिली, आणि तिच्या मांडीवर कोणाचें ना कोणाचें मूल सदा असे. ती वारली तेव्हां उशाशीं अर्धी शिवलेली गोधडी होती; ती शेजारणीच्या नातवासाठीं होती. तिचा तो "पाहुणा" हा शब्द तेव्हांपासून आमच्या मनांतून जात नाहीं. आम्हीं तिला सर्व कांहीं दिलें होतें. तिच्यापासून मात्र कांहींच घेतलें नव्हतें.

पुढें या विषयावर विद्वानांनीं केलेलें संशोधन आमच्या वाचनांत आलें. अमेरिकेंत डेट्रॉइट शहर व त्याच्या आसपास राहणाऱ्या वृद्ध जोडप्यांच्या मुलाखती मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनीं १९८७ व १९८८ सालीं घेतल्या होत्या. त्यांपैकीं ४२३ जोडप्यांत पुढील पांच वर्षांत कोण वारलें व कोण जगलें, हें पाहून स्टेफनी ब्राउन या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्याला मदत मिळते तो अधिक जगतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु आढळलें तें असें कीं, जीं माणसें नातलगांस, मित्रांस किंवा शेजाऱ्यांस कामांत हात देत होतीं, किंवा आपल्या जोडीदारास मनाचा आधार देत होतीं, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कमी होतें. देण्याचा हा परिणाम हिशेबांत घेतल्यावर मदत मिळण्याचा असा निराळा लाभ दिसून आला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्याच्या अंगांत बळ आहे तोच दुसऱ्यास मदत करितो, मग तो अधिक जगला यांत नवल काय? हा आक्षेप योग्य आहे. वय, प्रकृति, मिळकत वगैरे गोष्टी संशोधकांनीं लक्षांत घेतल्या, तरीही तो संबंध टिकला. तथापि अशा पाहणीनें कारण पक्कें सिद्ध होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही त्यास साक्ष म्हणून पुढें करितों. निकाल म्हणून नव्हे.

हीच साक्ष आयुष्याच्या दुसऱ्या टोंकाकडूनही मिळते. हवाई बेटांपैकीं काउआई नांवाच्या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ या दोघी बाईंनीं तीं चाळिशीस येईपर्यंत घेतला. त्यांतील सुमारें एक तृतीयांश मुलें दारिद्र्य, घरांतील भांडणें, आईबापांचें दुखणें किंवा दारू अशा अनेक संकटांत वाढलीं. त्यांचें वाटोळें होणार असेंच कोणीही म्हटलें असतें. परंतु त्यांपैकींही तिसरा हिस्सा मुलें मोठेपणीं कर्तबगार व मायाळू निघालीं. त्यांना आजी, मावशी, शिक्षक असें निदान एक तरी भरंवशाचें माणूस लाभलें होतें. शिवाय त्यांपैकीं पुष्कळांच्या अंगावर घरचें कांहीं खरें काम पडलें होतें: धाकट्या भावंडांस सांभाळणें, घर चालविण्यास हातभार लावणें. आपल्यावांचून कोणाचें तरी अडतें, हें ज्या मुलास कळलें, तें सहज मोडून पडलें नाहीं.

या दोन टोंकांमधील वाट कशी असते, हें रॉबर्ट कान व टोनी अँटोनुची यांनीं १९८० सालीं एका चांगल्या दृष्टांतानें समजाविलें. त्यांच्या मतें प्रत्येक मनुष्य आपल्या माणसांच्या तांड्याबरोबर आयुष्याची वाट चालतो. कांहींजण अगदीं खांद्याला खांदा लावून असतात, कांहीं जरा अंतरावर, कांहीं त्याहून दूर. वाटेंत कोणी गळतो, कोणी नवा येऊन मिळतो. अँटोनुची बाईंनीं पुढें पेढीचीही उपमा दिली. आईबाप मुलांच्या लहानपणीं जें देतात, तें जणूं ठेव म्हणून राहतें. म्हातारपणीं त्या ठेवींतून घेतांना त्यांस तितकें ओशाळें वाटत नाहीं.

ही उपमा खरी आहे; पण ती अर्धीच आहे, असें आमच्या आईवरून आम्हांस वाटतें. तिची ठेव थोडी नव्हती. तरी रोज नुसतें काढीत राहावयाचें, आणि एक पैही पुन्हां भरूं द्यावयाची नाहीं, असें झाल्यावर ती पेढी तिला परकी वाटूं लागली. जो केवळ घेतो तो पाहुणा, आणि जो घेतो व देतो तो घरचा.

आतां मुख्य नीतीचा प्रश्न येतो. दिल्यानें आयुष्य वाढतें असें कळलें, तर लोक आयुष्यासाठीं देऊं लागतील. मग तें प्रेम कसलें? तो तर व्यापार झाला. या शंकेसही संशोधनानें एक चमत्कारिक उत्तर दिलें आहे. विस्कॉन्सिन संस्थानांत १९५७ सालीं हायस्कुलांतून बाहेर पडलेल्या १०,३१७ जणांची माहिती जन्मभर गोळा होत आली आहे. त्यांपैकीं जे लोकसेवेचें काम करीत होते, त्यांस २००४ सालीं विचारिलें कीं, तुम्ही हें कां करितां? चार वर्षांनीं पाहतां, दुसऱ्यांच्या भल्यासाठीं करणाऱ्यांत मृत्यू कमी झाले होते. परंतु मुख्यतः आपल्याच लाभासाठीं करणारे, मुळींच सेवा न करणाऱ्यांहून कांहीं निराळे निघाले नाहींत. सारा कोनरॅथ बाई व त्यांचे सहकारी यांनीं हें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे लाभावर डोळा ठेवून देणाऱ्याच्या हातीं तो लाभही फारसा लागत नाहीं, असें दिसतें.

दुसरा धोका याच्या उलट आहे, आणि आमच्या गांवांत तोच अधिक दिसतो. मुलगा व सून पुण्या-मुंबईस जातात आणि तिघां नातवंडांचा भार सत्तर वर्षांच्या आजीवर टाकून देतात. तिचे गुडघे दुखोत कीं डोळ्यांस दिसेनासें होवो, कोणी विचारीत नाहीं. "तिला काम लागतेंच," असें म्हणून ते मोकळे होतात. आमच्या लेखाचा आधार अशा मुलांनीं घेऊं नये. जें काम "आज होत नाहीं" असें म्हणून सोडतां येतें, तें देणें. जें सोडतां येत नाहीं, ती वेठ. मान आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक जेथें नाहीं, तेथें देण्याचें नांव घेऊं नये.

आणि जो अंथरुणास खिळला, ज्याची वाचाही गेली, त्याचें काय? त्याचें मोल कमी झालें काय? मुळींच नाहीं. मनुष्याचें मोल त्याच्या कामावरून ठरत नाहीं. परंतु आपण ज्यांस "कांहीं देऊं न शकणारे" म्हणतों, त्यांतील पुष्कळांपाशीं आपण कधीं मागितलेलेंच नसतें. जुना सल्ला, शेताची माहिती, घराण्याची कथा, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून फिरणारा हात, हीं सर्व देणींच आहेत.

आईबापांचें पोषण न करणाऱ्या मुलांकडून तें करवून घेण्यासाठीं आपल्या देशांत २००७ सालीं कायदा झाला आहे. तो चांगला व जरूरीचा आहे. त्यामुळें न्यायाधिकरण मुलास पैसे देण्याचा हुकूम करूं शकतें. परंतु "आईला विचारून मग बैल वीक," असा हुकूम कोणतेंही न्यायाधिकरण करणार नाहीं. तें आपल्यालाच केलें पाहिजे.

म्हणून प्रिय वाचकहो, आपल्या घरांत कोणी वृद्ध असेल, तर त्यास काय दिलें याचा हिशेब करितांना, त्याच्यापासून आज काय घेतलें, हेंही एकदां मनास विचारा. गांवोगांव घरभेटीस जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंसही एक विनंति आहे. एखाद्या गरीब म्हातारीच्या झोपडींत गेलां आणि ती चूल पेटवून चहा ठेवूं लागली, तर "नको आजी, तुम्हांला त्रास कशाला," असें म्हणून उठूं नका. बसा, आणि तो चहा घ्या.