आजचे चिंतन : सूर्य, पहिला शिष्य
भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, हा अविनाशी योग मी आधी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला. सूर्याने तो मनूला सांगितला, मनूने इक्ष्वाकूला. पहिला शिष्य सूर्यच का?

सध्या मी कामठ्याला आजोळी आले आहे. काल अंधारातच निघून आम्ही नवेगाव बांधला गेलो. चैत्रातलं पाणी काठापासून आत सरकलेलं. पलीकडच्या डोंगरांमागून तांबूस कड वर आली आणि बघता बघता अख्खा तलाव उजळला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सूर्य त्यासाठी थांबलाही नव्हता.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. त्यांचं नाव राहिलं. पण पाळीवर माती टाकणाऱ्या बाकीच्यांची नावं कुणाला ठाऊक? कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर या भागातला धान मात्र आजही भिजतो.

गेल्या महिन्यात माझं काम दुसऱ्याच्या नावाने सादर झालं. ती सल अजून आहे. अन्याय झाला तर बोलायलाच हवं, मीही बोलणार आहे. गीता गप्प बसायला सांगत नाही. अर्जुनाला तर ती लढायलाच उभं करते. पण श्रेय मिळेपर्यंत उगवणार नाही, असं सूर्य म्हणत नाही. म्हणूनच तो पहिला शिष्य असावा, असं मला वाटतं.

आजचा संकल्प : एक चांगलं काम करा, आणि त्याचं स्टेटस ठेवू नका.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥