जुन्या चामड्याचे ऋण

वापरलेली चामडी हँडबॅग विकत घेऊन ती दुरुस्त करणे हा वरकरणी काटकसरीचा किंवा हौसेचा विषय वाटतो. परंतु जी वस्तू एका जनावराच्या कातडीपासून बनली आहे, जिला अनेक अनोळखी हात लागले आहेत आणि जी पहिल्या मालकिणीने नकोशी म्हणून घराबाहेर काढली आहे, ती दुसऱ्या घरात आणताना धर्मविचारातले काही जुने प्रश्न तिच्यासोबत आत येतात. उष्टे आणि मृत यांपासून आलेली वस्तू शुद्ध मानावी का, तिच्या मुळाशी असलेल्या हिंसेचा वाटा नव्या ग्राहकाकडे येतो का, आणि जीर्ण वस्तूत जपण्याजोगे नेमके काय उरलेले असते, हे ते प्रश्न होत. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात ते पोथीपुरते राहत नाहीत. या शहराच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी आहे, पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, देहूरोडला बुद्धविहार आहे. आणि या सर्वांना वेढून असलेल्या चाकणपर्यंतच्या कारखान्यांत काम करणारा मध्यमवर्ग पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा मोबाइलच्या पडद्यावर वापरलेल्या वस्तू आता पूर्वीइतक्या संकोचाने पाहत नाही.

शुद्धीच्या प्रश्नाला धर्मशास्त्राने दिलेले उत्तर आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल असे आहे. स्मृतिग्रंथांत ‘द्रव्यशुद्धी’ नावाचा विषय येतो. द्रव्य म्हणजे वापरातली वस्तू, आणि ती विटाळली तर कोणत्या उपायाने पुन्हा व्यवहारात घेता येते याची चर्चा त्यात असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूंसाठी क्षार, आम्ल आणि पाणी, मातीच्या भांड्यासाठी पुन्हा भाजणे असे उपाय सांगताना चामड्याची शुद्धी वस्त्राप्रमाणे करावी असे म्हटले आहे, म्हणजे धुतलेले कापड जसे चालते तसे धुतलेले चामडेही चालते. व्यवहार तर या नियमाच्याही पुढे गेलेला होता. विहिरीवरची मोट चामड्याची होती आणि तिच्या पाण्यावर पिकलेले धान्य कोणी नाकारले नाही. तेल-तूप चामड्याच्या बुधल्यांतून गावोगाव जात होते. ब्रह्मचाऱ्याच्या मुंजीत मृगाजिन, म्हणजे हरणाचे कातडे, पवित्र मानले गेले. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघून मुक्कामाला आकुर्डीत येते तेव्हा भजनात घुमणाऱ्या पखवाजाची पुडी कातड्याची असते आणि ती ताणून धरणारी वादीही कातड्याचीच असते. देवळाच्या दाराशी कमरेचा पट्टा काढून ठेवणारा भाविक आत त्याच पदार्थाच्या नादावर टाळ्या वाजवतो, यातली विसंगती कोणालाही खुपत नाही, कारण शुद्धाशुद्धतेचा निर्णय बहुधा पदार्थ पाहून झालेलाच नसतो.

तो निर्णय माणूस पाहून झालेला असतो. कातडे कमावणारा ढोर, त्याच्या वस्तू करणारा चांभार आणि मेलेले जनावर ओढून नेण्याची सक्ती ज्याच्यावर होती तो महार, यांच्या श्रमातून निघालेली वस्तू पाण्याने शुद्ध होत होती. श्रम करणारा मात्र कोणत्याही पाण्याने शुद्ध होत नव्हता. संत रोहिदासांच्या कथांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले आहे. महिपतींनी ‘भक्तविजय’ या १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात रोहिदासांचे चरित्र मराठीत सांगितले. चामड्याच्या वेष्टनात ठेवलेल्या शाळिग्रामाची पूजा करणारे रोहिदास हे संतकथांतले चित्र वस्तू आणि कारागीर यांना लावलेली दोन मापे एकमेकांसमोर आणून ठेवते. तेव्हा जुन्या बॅगेच्या बाबतीत ‘कोणी वापरली असेल कोण जाणे’ या किळसेला धर्माचा आधार आहे असे जे समजतात, त्यांनी तो आधार शास्त्रात शोधू नये. ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून आणि अस्तर बदलून जे साधते त्याहून अधिक शुद्धी स्मृतींनीही मागितलेली नाही.

हिंसेचा प्रश्न इतक्या सहज सुटणारा नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादाच्या ३४व्या सूत्रात हिंसेचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेली ती ‘कृत’, दुसऱ्याकडून करविलेली ती ‘कारित’ आणि संमती दिलेली ती ‘अनुमोदित’. जैन आचारविचारात हीच त्रयी अधिक काटेकोरपणे पाळली जाते, आणि म्हणूनच अनेक जैन कुटुंबांत चामड्याची वस्तू, मग ती नवी असो वा जुनी, घरात येत नाही. वापरलेली बॅग घेणाऱ्याने जनावर मारलेले नसते आणि ते मारण्याची मागणीही केलेली नसते, कारण त्याने दिलेले पैसे खाटकाकडे किंवा चामड्याच्या कारखान्याकडे जात नाहीत. तरीही ती बॅग खांद्यावर मिरवताना पाहणाऱ्याच्या मनात नव्या बॅगेची इच्छा निर्माण होऊ शकते आणि पहिल्या मालकिणीला मिळालेली रक्कम नव्या खरेदीला लागू शकते. म्हणजे कृत आणि कारित ही दोन दारे बंद झाली तरी अनुमोदनाची फट उघडी राहते. जैन भूमिकेचे बळ या फटीत आहे, आणि जुन्या चामड्याचे समर्थन करणाऱ्यांनी ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही.

या फटीवर सर्वांत बारीक विचार बौद्ध विनयात सापडतो. विनय म्हणजे भिक्षुसंघाचे आचारनियम, आणि त्यातील महावग्ग या भागाचे पाचवे प्रकरण, चम्मक्खंधक, केवळ चामड्याविषयी आहे. तेथील एका प्रसंगात बुद्धांमागून राजगृहात भिक्षेला निघालेला एक भिक्षू पाय फुटल्यामुळे लंगडत असतो. एक उपासक स्वतःच्या पायातल्या अनेक पदरी वहाणा काढून त्याला देतो, पण अशा वहाणांना बुद्धांची मनाई असल्याने भिक्षू त्या घेत नाही. त्यावर बुद्ध नियमच बदलतात: अनेक पदरी वहाणा दुसऱ्याने वापरून उतरवलेल्या असतील तर घ्याव्यात, नव्या असतील तर घेऊ नयेत. नवे आणि वापरलेले यांत इतका स्पष्ट नैतिक भेद करणारा दुसरा प्राचीन नियम सहजी आठवत नाही. याच प्रकरणात पुढे याची दुसरी बाजू येते. एका भिक्षूला एका वासराचे ठिपकेदार कातडे आवडते, उपासक त्याच्यासाठी ते वासरू मारतो, आणि भिक्षू ते कातडे चीवरात लपवून निघतो तेव्हा वासराची आई त्याच्या मागोमाग चालत येते. या घटनेनंतर हिंसेस प्रवृत्त करणे आणि गाईचे कातडे वापरणे या दोन्हींना मनाई होते. दोन्ही प्रसंगांत भिक्षूच्या हाती येते ते कातडेच. निराळे असते ते एवढेच की पहिले त्याच्या इच्छेआधी अस्तित्वात होते आणि दुसरे त्याच्या इच्छेमुळे अस्तित्वात आले. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्यामुळे हा विचार पिंपरी-चिंचवडला परक्या देशातला वाटण्याचे कारण नाही.

मात्र त्या भेदाचा सोयीस्कर वापर कसा होतो हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात मारलेल्या जनावरांऐवजी आपोआप मेलेल्या जनावरांचे चामडे वापरावे असा आग्रह होता, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवून तो प्रत्यक्षात आणला. सवर्ण कार्यकर्त्यांनी कातडी सोलायला व कमावायला बसावे, हे त्यातले धाडस खरेच होते. परंतु ग्राहकाची अहिंसा राखण्यासाठी मेलेले जनावर कोणीतरी ओढायचे असेल तर तो ‘कोणीतरी’ कोण, हा प्रश्न त्या योजनेबाहेरच्या खेड्यांत जसाच्या तसा राहिला. मार्च १९२७च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आग्रह धरला, आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्या-शिंगांतले उत्पन्न बुडेल असे सांगणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे होते की ज्यांना त्यात नफा दिसतो त्यांनी तो धंदा खुशाल स्वतः करावा. जनावराविषयीची करुणा आणि माणसाचा सन्मान यांची गाठ न घालता चामड्याचा नैतिक हिशेब पुरा होत नाही, हे या वादातून निघते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कायद्याने जनावराच्या जातीवरून रेषा आखली. परंतु रंग आणि लेप चढलेल्या जुन्या बॅगेचे चामडे गाईचे की म्हशीचे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे जाणत्यालाही बहुधा जमत नाही, तेव्हा ती रेषा हातातल्या वस्तूवर ओढता येत नाही.

अशा स्थितीत शुद्धीपेक्षा ऋणाची कल्पना अधिक उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे म्हटले आहे. ऋण म्हणजे न मागता मिळालेल्या गोष्टीमुळे अंगावर आलेले देणे. जुन्या बॅगेच्या बाबतीत देणे दोघांचे असते, जनावराचे आणि कारागिराचे. जनावराचे देणे फिटत नाही, पण त्याचे कातडे अर्ध्या आयुष्यात उकिरड्यावर गेले तर ते वाढते, आणि शेवटच्या तंतूपर्यंत वापरले गेले तर निदान वाढत नाही. जीवात्मा जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टांत नेसणाऱ्याच्या बाजूने रचलेला आहे. टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते हा त्याचा विषय नाही, दुरुस्ती करणाऱ्याचा तोच विषय आहे.

ऋणाच्या दृष्टीने पाहिले की कोणती बॅग घ्यावी याचा निकषही बदलतो. कातडीत कोलेजन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतींच्या तुरट अर्काने किंवा क्रोमियमच्या क्षारांनी ते तंतू स्थिर करणे, म्हणजे कातडे कमावणे होय. ते तंतू शाबूत आहेत का, एवढेच पाहायचे असते. पट्ट्याच्या कापलेल्या कडेला मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडे खरे, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पापुद्रा दिसला तर रेक्झीन. पृष्ठभागावरची छिद्रे अनियमित असली, बॅग दुमडल्यावर बारीक सुरकुत्या पडून पुन्हा सरळ झाल्या, तर ते आशेचे लक्षण. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, फाटलेले अस्तर, घामाने काळवंडलेली मूठ, पावसाळ्यातली पांढरी बुरशी, या सर्वांना उपाय आहे: कोरड्या फडक्याने बुरशी बाहेर उघड्यावर झाडणे, सौम्य साबणाने पुसणे, उन्हात न ठेवता सावलीत वाळवणे, मग तेल-मेणाचा हलका हात देणे. तेल जास्त झाले तर तंतू ढिले पडतात, आणि उत्साही नवशिके बॅग बहुधा इथेच बिघडवतात. याउलट पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने विघटित होऊन सोलला जाऊ लागला की तो जोडता येत नाही; चामड्याचा चुरा डिंकात कालवून केलेल्या पत्र्याचीही गत तीच. वनस्पतींनी कमावलेले फार जुने चामडे गंधकयुक्त हवेतल्या आम्लाने कधी कधी आतून कुजते आणि बोटाला तांबूस भुकटी लागते. त्यानंतर ते पूर्ववत होत नाही.

मूठ, अस्तर, चेन आणि दोरा बदलल्यावर बॅग तीच राहिली का, हा प्रश्न ‘मिलिंदपञ्हो’ या बौद्ध ग्रंथातल्या भिक्षू नागसेनाच्या रथाची आठवण करून देतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि तरीही सर्वांच्या जुळणीला रथ म्हणतात. परदेशी छापाच्या बॅगांच्या बाजारात मात्र उलट समजूत दिसते. मूळ चेन, मूळ बिल आणि मूळ ठसा असेल तर किंमत चढते, आणि प्रामाणिक दुरुस्तीमुळे ती उतरते. अशा बाजारात विकले जाते ते चामडे नव्हे, नाव असते, आणि नावाचे कोणी काही देणे लागत नाही.

कारागिराचे देणे मात्र फेडता येण्याजोगे आहे. महाराष्ट्राच्या सरकारी भाषेत रस्त्याकडेला बसून चामड्याची दुरुस्ती करणाऱ्यांना ‘गटई कामगार’ म्हणतात, आणि त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना समाजकल्याण खात्याकडे आहे. आरीने भोक पाडून, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवत केलेली त्यांची शिवण यंत्राच्या शिवणीपेक्षा टिकाऊ असते, कारण एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. पिंपरीच्या बाजारात ज्या बॅगेसाठी ग्राहक हजारो रुपये मोजायला तयार होतो, तिच्याच मुठीसाठी गटई कामगाराशी दहा रुपयांवरून घासाघीस करतो. द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात वस्तू आणि माणूस यांना लावलेली दोन मापे अशा वेळी हिशेबाच्या रूपात पुन्हा दिसतात. म्हणून दुरुस्तीची रास्त मजुरी खरेदीच्या किमतीत आधीच धरावी, आणि ती धरल्यावर बॅग परवडत नसेल तर ती परवडत नाही असेच समजावे. ज्या बॅगेचे चामडे भुकटी होऊ लागले आहे ती घेण्यात कोणाचेच ऋण फिटत नाही. तिच्या पितळी कड्या, बक्कल आणि चेन सोडवून गटई कामगाराच्या डब्यात गेली, तर ती दुसऱ्या बॅगेला लागतात.