हात आणि पाऊल

सिंदी मेघे कुठे सरते आणि वर्धा कुठे सुरू होते, हे आता नकाशालाच ठाऊक. संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या पोरापोरींच्या सायकली ती सीमा नकळत ओलांडून जातात. त्यांच्याकडे पाहताना मनात येते, उद्या यांतले एखादे लेकरू वाट चुकलेच, तर त्याच्या चुकीला आपण कोणत्या शब्दाने हाक मारू? मराठी मनाने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. मुलाच्या हातून काहीतरी घडते, मुलीचे पाऊल वाकडे पडते. एकाचा दोष कृतीत शोधायचा, दुसरीचा दिशेत.

कायद्याच्या दारीही हे हात-पाय वेगवेगळेच पोचतात. अठरा न भरलेले दोघे एकाच रात्री, एकाच एसटीने घर सोडतात, आणि सापडल्यावर त्यांचा प्रवास दुभंगतो: अपहरणाच्या तक्रारीपायी तो विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो, तर ती काळजी व संरक्षणाची गरज असलेली म्हणून बाल कल्याण समितीपुढे. १९८६च्या बाल न्याय कायद्याने तर बाल्यच दोन मापांनी मोजले होते, मुलाचे १६ वर्षांपर्यंत आणि मुलीचे १८. २००० साली माप एक झाले, पण मापणारे डोळे जुनेच राहिले.

इथून जवळच पवनार आहे, आणि पवनार म्हटले की १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघून वाटेत सुरतेलाच उतरलेला, काशीची वाट धरणारा विनायक भावे, म्हणजे पुढचे विनोबा, आठवतो. तो विशीतला, जाणता होता, हे खरे. तरी त्या जाण्याला आपण गृहत्याग म्हटले, हे मला विसरता येत नाही. मुलगी गेली की ती पळून जाते. त्यागाला कर्ता असतो, पळण्याला केवळ पाठलाग. पुढे १९५९मध्ये त्याच विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर उभे केले आणि घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या पावलांनाही साधनेची प्रतिष्ठा मिळाली. पाऊल तेच असते. त्याला नाव कोण देतो, यावर त्याचे पाप-पुण्य ठरते.

आणि १९३७ साली नई तालीमचा, हाताच्या कामातून शिकवण्याचा, विचार मांडला गेला तोही वर्ध्यातच, हातातून मन घडते या श्रद्धेने. ती श्रद्धा चुकलेल्या हातापाशी का थबकावी? त्या हाताने काय उचलले हे पाहताना त्यावर उमटलेले वळ पाहायचे राहून जातात, तसेच पावले कुणाच्या मागे गेली हे शोधताना ती कशापासून दूर जात होती, हे विचारायचे राहते. मुलाचा गुन्हा त्याचे दुःख झाकतो, मुलीचे संरक्षण तिची इच्छा. वाटते, दोन्ही दारांनी आपापले प्रश्न एकदा बदलून घ्यावेत. त्याला विचारावे, तुला कुठे दुखले होते. आणि तिला, बाई गं, तुला जायचे तरी कुठे होते?