तर्क आणि निर्णय

मराठीत 'तर्क' हा शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी चालतो. तर्कशास्त्र म्हटले की नियमबद्ध विचार डोळ्यांपुढे येतो. 'तो नुसते तर्क लढवतो' म्हटले की आधाराविना केलेली कल्पना. याचा उलगडा न्यायदर्शनात होतो. गौतमांनी सांगितलेल्या १६ पदार्थांत तर्क आठवा असून निर्णय नववा आहे. ज्या वस्तूचे तत्त्व अद्याप कळलेले नाही, तिच्याविषयी कारणांच्या बळावर केलेला ऊह म्हणजे तर्क. तो प्रमाणाला साह्य करतो, स्वतः प्रमाण ठरत नाही. शास्त्रकारांच्या मतेही तर्क ही निर्णयाच्या अलीकडचीच पायरी होय. व्यवहाराने त्यातील कारणांचे बळ तेवढे गाळले.

'अनुमान' शब्दाचीही तीच गत. शास्त्रात ते व्याप्तीवर उभे असलेले प्रमाण, बोलण्यात मात्र अंदाज. मूळ अरबी 'कयास' ही इस्लामी धर्मशास्त्रात साधर्म्यावरून निर्णय काढण्याची रीत. मराठीत तोही अटकळीच्या पंक्तीला येऊन बसला. (लोकव्यवहाराला शास्त्रापेक्षा अटकळच अधिक लागत असावी!)

परंतु आपल्या भाषेने क्रियापदात एक सोय ठेवली आहे. 'त्याने नेले असेल' यात केवळ शक्यता, 'नेले असावे' यात काही खूण, 'नेले' यात निश्चय. समजा, कोठीतील धान्य कमी भरले आणि कोठी शेवटी उघडणारा अमुक होता. सकाळी एक जण म्हणतो, "त्यानेच नेले असावे." दुपारी दुसऱ्याच्या तोंडून 'असावे' गळते आणि 'नेले' उरते. पोते उंदरांनी कुरतडले होते की मापच बदलले होते, हे पाहण्याचे कुणाला सुचत नाही. मूळ बोलणारा मात्र म्हणतो, "मी तर तर्कच केला होता." हे समर्थन अपुरे आहे. तर्क करणे हा दोष नाही, त्याविना शोधच सुरू होत नाही. पण दुसऱ्याच्या शीलाविषयीचा तर्क तपासण्यापूर्वी उच्चारला की ऐकणाऱ्याच्या हाती तो निर्णय म्हणूनच पडतो, आणि हे बोलणाऱ्यास ठाऊक असते.

भाष्यकारही या दायित्वातून सुटत नाही. लीळाचरित्राच्या परंपरेत भिन्न आठवण आली, तर 'एकी वासना' अशी नोंद करून ती वेगळी राखलेली आढळते. अपरिचित जुन्या शब्दाचा अर्थ केवळ संदर्भावरून बसवताना टीपेत 'असावा' लिहिणे कित्येकांना कमीपणाचे वाटते. पुढचा अभ्यासक त्या शब्दापाशी थांबून पोथ्या पुन्हा उघडतो, तो त्या एका क्रियापदामुळेच.