भूमीची अनुज्ञा

आपल्याकडे रस्त्याचा आरंभ भूमिपूजनाने होतो. नारळ फुटतो, धरित्रीची क्षमा मागितली जाते, आणि भूमी ही आपली मालमत्ता नसून तिला घाव घालण्यापूर्वी तिची अनुज्ञा घेणे मनुष्यास प्राप्त आहे, हा सूक्ष्म धर्मविचार त्या विधीत गृहीत असतो. परंतु त्या मुहूर्तापर्यंत आखणी मुक्रर झालेली असते, निविदा मंजूर असते, भूसंपादनाच्या नोटिसा बजावून झालेल्या असतात. भूमीला नकार देण्याची सोयच जेथे उरलेली नाही, तेथे अनुज्ञा मागण्यास धर्म म्हणावे की नुसता शिष्टाचार?

हा प्रश्न लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या मुलखात विशेष टोचतो. नागफणीजवळच्या याच कुरवंडे घाटाने फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान आपला अवजड सरंजाम घेऊन कोकणात उतरू गेला आणि उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला. फौज त्याच्याजवळ होती, रानाची माहिती नव्हती. शेजारच्या बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे गेली. त्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. दंतकथा अशी की, वाट न सापडून हैराण झालेल्या इंग्रज साहेबांना या धनगराने वाट दाखविली, आणि इनाम म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागताच प्राण गमावला. कथेच्या खरेखोटेपणाची रुजवात इतिहासकारांनी करावी. मला मात्र तिथे नाणे टाकून पुढे जाणाऱ्या वाहनांकडे पाहून वाटते की, ज्याचे ऐकावयाचे नसते त्याला आपण देव करून टाकतो.

आता याच मुलखात कुसगावपासून खोपोलीच्या बाजूस मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा सुमारे १३ किलोमीटरचा नवा दुवा आखला गेला आणि त्याचा बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून नेला गेला. अशी कामे करूच नयेत, असे मी म्हणणार नाही. घाटातले अपघात आणि खोळंबेही माणसांचेच आहेत. आपल्या स्मृतिकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने मानली व त्यांच्या परिमार्जनार्थ पंचमहायज्ञ सांगितले. हिंसा अटळ आहे ही त्यात कबुली आहे. पण ती सवलत अटळ हिंसेपुरतीच आहे. टाळता येण्याजोगी हिंसा कोणती, हे ठरविण्यास आधी विचारावे लागते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते खरी, परंतु तिच्यापुढे येतो तो आखणी ठरल्यानंतरचा मसुदा अहवाल.

आखणीनंतर विचारण्याच्या या रीतीचा दोष शिक्षणात शोधावा लागेल. पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा १८५४ साली पाया घातला गेला तो सरकारी बांधकामखात्यास हाताखालची माणसे पुरविण्याकरिता, म्हणजे बरहुकूम काम करणारी माणसे घडविण्याकरिता; तो संस्कार अजून पुरता गेलेला नाही. समाज व निसर्ग यांचा विषय अभ्यासक्रमात घातल्याने तो जाईल, असे मला वाटत नाही. नियोजन शिकणाऱ्याने हाती नकाशा घेण्यापूर्वी एक पावसाळा कुरवंड्यासारख्या गावी काढावा. कोणता ओहोळ कोठे मुरतो, चैत्रात कोणता झरा आटतो, गुरे कोणत्या वाटेने उतरतात, देवाच्या नावाने राखलेले रान कोठे आहे, हे गावकऱ्यांच्या मागे हिंडून, त्यांना विचारून समजून घ्यावे. मग रेघ ओढावी, ती गावापुढे ठेवावी, आणि हरकत पटली तर स्वतःच्या हाताने पुसावी. अशा पुसलेल्या रेघेचे गुण परीक्षकाने द्यावेत की गावाने, हे विद्यापीठांनी ठरवावे. माझे मत गावाच्या बाजूचे आहे.