प्रजाती राखायची म्हणजे काय राखायचे?

वायव्य मेक्सिकोतील सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल या पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण २२०० ते २९०० मीटर उंचीवर, उत्तराभिमुख उतारांवर आणि ओढ्यांच्या काठी चिवावा स्प्रूस हा संकटग्रस्त सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांचा, वृक्ष तग धरून आहे. १९४२ साली माक्सिमिनो मार्तिनेस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हिमयुगानंतर हवा तापत गेली तसा तो गारव्याच्या जागी आक्रसत गेला आणि आज त्याचे चाळीसच्या आसपास तुटक समूह उरले आहेत, ज्यांपैकी काहींत मोजकीच झाडे आहेत.

नर व मादी शंकू एकाच झाडावर येत असल्यामुळे लहान समूहात झाडाचा पराग बहुधा त्याच्याच मादी शंकूंवर पडतो. अशा स्वपरागणात दडलेले घातक जनुकदोष दोन्हीकडून एकत्र येऊन बीजातील गर्भ मरतो, पण कवच मात्र नेहमीसारखे वाढते. शंकू भरलेला दिसतो, बी फोडली की आत पोकळी निघते. दुसऱ्या समूहाचा पराग आणणे हा उपाय आहे. परंतु हे समूह हजारो वर्षांच्या एकाकीपणात जनुकीयदृष्ट्या वेगळे होत गेले आहेत, आणि संकराने ते वेगळेपणच पुसले जाण्याचा संभव असतो.

येथे राखायचे ते नेमके काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होतो. वैशेषिक दर्शनात सामान्य, म्हणजे अनेक व्यक्तींत एकच असणारा धर्म, नित्य मानले आहे; घट फुटले तरी घटत्व फुटत नाही, आणि त्याच न्यायाने अखेरचा स्प्रूस कोसळला तरी स्प्रूसत्वाला बाधा येत नाही. दिङ्नाग व धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांना असे नित्य सामान्य मान्य नाही. त्यांच्या लेखी सत् आहेत ते क्षणिक विशेष, म्हणजे सुट्या एकेक वस्तू, आणि कार्यकारणाने जोडलेली त्यांची मालिका म्हणजे संतान. वृक्षांचा वंशनाश हा या मतांपैकी कोणाचाच विषय नव्हता, हे मान्य करूनही म्हणावे लागते की उत्क्रांतिविज्ञानातील प्रजाती, म्हणजे पूर्वजांकडून वंशजांकडे चालत आलेली परंपरा, सामान्यापेक्षा संतानाच्या अधिक जवळ बसते.

निसर्गानेच मागे हटवलेला वृक्ष माणसाने का धरून ठेवावा, हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. पण वृक्षतोड, वणवे आणि रोपे तुडवणारी गुरे यांचा भार निसर्गावर टाकता येत नाही. शिवाय संतान राखायचे तर केवळ बीजपेढीत बी साठवून भागत नाही, कारण तेथे परंपरा पुढे चालत नाही, नुसती थांबून राहते. म्हणून जेथे बिया पोकळच निघतात तेथे परका पराग आणणे क्षम्य मानावे, कारण ज्याला संततीच नाही त्या समूहाचे वेगळेपण त्याच्या अखेरच्या झाडाबरोबरच संपणार आहे. मोठे, स्वबळावर रुजणारे समूह मात्र अमिश्र ठेवावेत, आणि कोणत्या झाडावर कुठला पराग टाकला याची नोंद वनखात्याने कसोशीने जपावी.