बाकी

शाळेत भागाकार शिकवताना गुरुजींनी एक नियम आमच्याकडून घोटून घेतला होता: बाकी भाजकापेक्षा लहानच असली पाहिजे. मोठी आली तर भाग पुरता लागलेला नाही, पुन्हा करा. आणि बाकी शून्य आली की उदाहरण सुटलं म्हणून हायसं वाटायचं. विज्ञानाचा इतिहास वाचताना मला त्या पाटीवरच्या बाकीची फार आठवण येते. भाग निःशेष गेला तिथे शोध क्वचितच लागलेला दिसतो. हिशेब संपवूनही काहीतरी उरलं आणि कुणीतरी ते पुसून टाकलं नाही, तिथे तो लागलेला दिसतो. मग ही बाकी कधी शून्य होईल का? सगळं शोधून झालं, असा दिवस उजाडेल का?

फ्रेंच विचारवंत ऑगस्त कॉम्त यांनी १८३५ साली माणसाच्या ज्ञानाला एक कुंपण घालून दिलं होतं. ताऱ्यांची अंतरं मोजता येतील, गती मोजता येईल, पण ते कशाचे बनले आहेत हे आपल्याला कधीही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अडाणीपणाचं नव्हतं. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणणार कोण? कॉम्त १८५७ साली वारले आणि दोनच वर्षांनी हायडेलबर्गमध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपल्या ठरावीक रेषा उमटवतं. तुकडा आणायची गरजच नव्हती. ताऱ्याचा प्रकाश आपण होऊन आपल्या दारी येत होता. कॉम्त यांनी निसर्गाची सीमा म्हणून जी सांगितली, ती त्यांच्या काळच्या साधनांची सीमा होती. या दोहोंतला फरक आतून ओळखता येत नाही, आणि विज्ञान संपेल का या प्रश्नाची सगळी अडचण मला इथेच दिसते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणावरून पूर्वेकडे सरकत गेली. गुंटूरला दुर्बीण लावून बसलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांना सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनीही स्वतंत्रपणे तेच साधलं. त्या रेषांमधली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलिअम म्हटलं. विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि लॉकियर यांनी हेलिअम तिथूनच पाहिला असं सांगतात. ते तसं घडलेलं नाही. मला उलट हेच मोलाचं वाटतं की लॉकियर यांना ग्रहणाची वाट पाहावी लागली नाही. एरवी काही मिनिटं टिकणारी संधी आता रोज सकाळी मिळू लागली होती.

तरीही ती रेषा पुढची सत्तावीस वर्षं नुसती बाकी म्हणून राहिली. तिचा उलगडा झाला तो सूर्याकडे मुळीच न पाहणाऱ्या एका माणसामुळे.

लॉर्ड रॅली वायूंची वजनं करत होते. काम असं की कुणालाही कंटाळा यावा: तोच काचेचा गोळा, तोच तराजू, पुन्हा पुन्हा. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन भरला की वजन २.३१० ग्रॅम; अमोनियासारख्या संयुगांतून मिळवलेला भरला की २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ११ मिलिग्रॅमचा. दुसऱ्या कुणी सरासरी काढली असती आणि पुढे गेलं असतं. रॅलींनी फरक मिटवण्याऐवजी तो वाढतो का हे तपासलं, आणि 'नेचर'मध्ये पत्र लिहून इतरांकडे स्पष्टीकरण मागितलं. आपला हिशेब जुळत नाही, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. शेवटी विल्यम रॅम्झी यांच्यासोबत त्यांनी ऑगस्ट १८९४ मध्ये जाहीर केलं की हवेत जवळजवळ एक टक्का असा एक वायू आहे, ज्याची कुणाला दादच नव्हती. तो अरगॉन. पुढच्या वर्षी रॅम्झी क्लेव्हाइट नावाच्या खनिजात अरगॉन शोधायला गेले आणि त्यातून निघालेल्या वायूच्या वर्णपटात समोर उभी राहिली ती लॉकियर यांची पिवळी रेषा.

याच १८९४च्या जुलैत शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन म्हणाले होते की भौतिकीची मोठी तत्त्वं बहुधा पक्की झाली आहेत, यापुढचं सत्य दशांशाच्या सहाव्या स्थानावर शोधावं लागेल. या वाक्याची पुढे खूप चेष्टा झाली, कारण दीड वर्षाच्या आत क्ष-किरण आले, मग किरणोत्सर्ग, मग इलेक्ट्रॉन. मला ती चेष्टा अन्यायाची वाटते. दशांशस्थळांवर शोधा, हे मायकेलसन यांचं सांगणं बरोबरच होतं. रॅलींना तर दुसऱ्या स्थानावरच सापडलं. चुकलं ते एवढंच, की तिथे फक्त चिल्लर मिळेल असं त्यांना वाटलं.

अर्थात प्रत्येक बाकीत खजिना नसतो. २०११ साली न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात असं एका प्रयोगात दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. नंतर कळलं की एक केबल नीट बसलेली नव्हती. बहुतेक बाक्या अशाच असतात, म्हणून त्या पुसायची सवय लागते.

आणि काही उदाहरणं खरोखरच सुटतात, हेही मान्य केलं पाहिजे. आवर्तसारणीत १ ते ११८ यांमध्ये एकही रिकामा रकाना नाही. हवेत नवा स्थिर वायू सापडण्याचा थरार आता कुणाच्याही वाट्याला येणार नाही. शोध महागही होत चालले आहेत. रॅलींना एक तराजू पुरला. हिग्ज कणासाठी २७ किलोमीटर घेराचं यंत्र आणि हजारो माणसं लागली. तेव्हा विज्ञान थांबलंच, तर ते निसर्गातलं रहस्य आटल्यामुळे थांबेल असं मला वाटत नाही. आपण पैसा आणि धीर देणं बंद केल्यामुळे थांबेल, आणि ही भीती मला खरी वाटते.

पण त्या महाग यंत्राकडे नीट पाहावं. त्याचे चुंबक थंड ठेवायला शंभराहून जास्त टन हेलिअम लागतो. १९०८ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी तो द्रवरूप केला, त्याच्या थंडाव्यात १९११ साली अतिवाहकता, म्हणजे विजेचा रोध नाहीसा होणं, सापडली, आणि तिच्यावर आजचे चुंबक उभे आहेत. एका काळाचं न सुटलेलं कोडं दुसऱ्या काळाचं अवजार झालं, आणि त्या अवजारानं अशा दशांशस्थळांपर्यंत नेलं जी आधी लिहिताही येत नव्हती. मोजमाप बारीक होत जाईल तसतशी नवी बाकी दिसत जाणार.

आज तर ती बारीकही नाही. दीर्घिका ज्या वेगानं फिरतात, त्याला दिसणारं द्रव्य पुरत नाही. सध्याच्या हिशेबाप्रमाणे विश्वातलं आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम पाच टक्के. उरलेल्याला आपण कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा अशी नावं दिली आहेत, म्हणजे फक्त नावं दिली आहेत. रॅलींची बाकी अर्धा टक्का होती. आपली पंचाण्णव टक्के आहे. गुरुजींच्या नियमानं पाहिलं तर हा भाग अजून लागलेलाच नाही.

रॅलींच्या गोष्टीतलं एक पान सांगायचं राहिलं. हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत विजेच्या ठिणग्या सोडून तिच्यातला नायट्रोजन शोषून घ्यायचा प्रयोग केला होता. सगळं शोषून झाल्यावरही नळीत एक लहानसा बुडबुडा उरला. तो काय आहे हे कळण्याचं कुठलंही साधन त्यांच्या काळात नव्हतं. त्यांनी अंदाज घेतला, एकूण नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून जास्त नसेल असं लिहिलं, आणि १७८५ साली निबंधात ते छापलं. तो बुडबुडा म्हणजे अरगॉन होता. १०९ वर्षांनी रॅलींनी तोच ठिणग्यांचा प्रयोग पुन्हा मांडला, तेव्हा त्यांच्याही नळीत तो उरला.